न सांगितलेले हिशेब

टेनिसचा व्यावसायिक खेळाडू व्हायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाकडे नाव नोंदवायचं, वर्षाचं शुल्क भरायचं आणि स्पर्धेच्या गावी शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत पोहोचून पात्रता फेरीच्या यादीत सही करायची. माझ्या वेळी एवढंच होतं. शनिवारपासून पात्रता फेरीचे सामने, त्यातून तरलात तर मंगळवार-बुधवारी मुख्य फेरी, आणि तिथे एक सामना जिंकलात की एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेचा, एक गुण. त्या एका गुणावर जगाच्या क्रमवारीत नाव लागतं. माझं लागलं तेव्हा माझ्यापुढे दीड हजाराच्या आसपास खेळाडू होते. सांगलीच्या दैनिकात फोटो आला. बाबांनी त्या अंकाच्या प्रती विकत घेऊन नातेवाइकांत वाटल्या.

२००७ ते २०१५ या काळात मी टेनिस हाच पोटापाण्याचा उद्योग मानून खेळलो. माझी सर्वांत वरची क्रमवारी सहाशेच्या घरातली. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीपर्यंतही मी कधी पोहोचलो नाही. हरलो याची मला लाज वाटत नाही. बत्तीस जणांच्या ड्रॉमधले एकतीस जण दर आठवड्याला हरूनच गाव सोडतात, आणि त्यातले बरेचसे जीव तोडून खेळलेले असतात. लाज वाटते ती मी जे लपवलं त्याची. बाबांपासून, मला टेनिस शिकवणाऱ्या सरांपासून, डॉक्टरांपासून आणि एकदा तर ज्यांना सांगणं नियमानेच बंधनकारक होतं त्यांच्यापासून.

हे लपवणं कुठून आलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूला काही सांगणं तेव्हा नियमाबाहेर होतं. एटीपीने २०२२ मध्ये प्रयोग म्हणून ती सूट दिली आणि २०२५ पासून ती खेळाच्या नियमांतच आली. आम्ही वाढलो ते जुन्या नियमात. कोर्टवर गेलास की तू एकटा, हे दहाव्या वर्षापासून कानावर पडत होतं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, खांदा दुखला तरी त्यावर हात न्यायचा नाही, कारण नेटपलीकडचा माणूस तेच शोधत असतो. कोर्टवर हे शंभर टक्के खरं आहे. मी मात्र ही सवय कोर्टाच्या दारात सोडून कधी बाहेर आलोच नाही. घरच्या फोनवर, फिजिओच्या टेबलावर, सरांसमोर, सगळीकडे मी तोच चेहरा घेऊन वावरलो.

पहिली मोठी लपवाछपवी अठराव्या वर्षी झाली. तेराव्या वर्षी मी सांगलीहून पुण्याला मावशीकडे राहायला आलो होतो. शाळा नावापुरती आणि सकाळ-संध्याकाळ टेनिस. अठरा वर्षांखालच्या गटात देशात पहिल्या विसांत होतो, तेव्हा अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या टेनिस प्रशिक्षकाची ईमेल आली. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला तेव्हा सगळ्या मिळून साडेचार शिष्यवृत्त्या देता यायच्या. त्या आठ-दहा खेळाडूंत वाटल्या जायच्या, त्यामुळे पूर्ण खर्च सहसा कुणालाच मिळत नसे. मला आधी निम्मी फी देऊ केली होती. बाबांनी रात्र रात्र बसून आकडे मांडले, बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. मग दुसरी ईमेल आली. फी जवळजवळ पूर्ण माफ, फक्त राहण्या-जेवणाचा खर्च आमचा. ती ईमेल मी घरी दाखवलीच नाही. "ते जमत नाहीये बाबा, आपल्याला परवडणार नाही," असं सांगून टाकलं.

का? इंग्रजीची भीती होती. संघात पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळावं लागेल, हे मनाला झोंबत होतं. आणि आमच्या वर्तुळात तेव्हा ठाम समजूत होती की कॉलेजला गेला म्हणजे टेनिस सुटलं. ती समजूत चुकीची असल्याचा पुरावा त्याच वर्षांत डोळ्यांसमोर घडत होता. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत होता. २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने अमेरिकेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद मिळवलं. जानेवारी २००९ मध्ये चेन्नई ओपनला वाइल्ड कार्डवर येऊन कार्लोस मोया आणि इवो कार्लोविच यांना हरवत तो थेट अंतिम फेरीत गेला. पुढे २०१० च्या एशियाडमध्ये सुवर्ण, २०११ मध्ये जागतिक क्रमवारीत ६२ वा. त्याच्याइतकी कुवत माझ्यात होती असं मी म्हणत नाही. पण चार वर्षं रोज चांगल्या खेळाडूंबरोबर सराव, फिजिओ, व्यायामशाळा, वर पदवी, आणि बाविसाव्या वर्षी मजबूत शरीराने व्यावसायिक सर्किटवर उतरणं, हा मार्ग माझ्यासारख्या मध्यम वकुबाच्या मुलासाठीच जास्त योग्य होता. मी तो नाकारला, आणि निर्णयाच्या वेळी बाबांच्या हातात अर्धीच माहिती राहू दिली. वर्षभरात त्यांनी मिरजेच्या वाटेवरचा प्लॉट विकला.

आता पैशांबद्दल बोलायलाच हवं, कारण या खेळाबद्दल लोक बोलतात तेव्हा विम्बल्डनच्या बक्षिसाचे आकडे सांगतात. आमची पायरी फ्यूचर्सची, म्हणजे व्यावसायिक टेनिसमधली सर्वांत खालची. दहा हजार डॉलरची स्पर्धा असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा दहा हजार डॉलर जिंकायला चाललाय. ती सगळ्या स्पर्धेची, एकेरी-दुहेरी मिळून एकूण रक्कम. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एकेरीच्या विजेत्याला त्यातले १३०० डॉलर मिळायचे. मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्याच्या हाती शंभर-सव्वाशे डॉलर, त्यातूनही त्या त्या देशाचा कर कापून. पात्रता फेरीत हरलात तर काहीच नाही. उलट बाजूला विमान, हॉटेल, जेवण, कपडे धुणं, आणि गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा बदलणं. पॉलिस्टरचे गट्स दोन-तीन सामन्यांत मरतात. तुटले नाहीत तरी बॉल पकडत नाहीत. मी ते तुटेपर्यंत वापरायचो आणि मग फोरहँड बाहेर जातोय म्हणून स्वतःवर चिडायचो.

आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ सालच्या सगळ्या व्यावसायिक टेनिसचा अभ्यास केला होता. त्याचे आकडे मी रॅकेट खाली ठेवल्यानंतर वाचले. त्या वर्षी सुमारे १४,००० खेळाडू व्यावसायिक स्पर्धा खेळले आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांनी एक डॉलरही मिळवला नाही. पुरुषांच्या एकूण बक्षीस रकमेपैकी ६० टक्के वरच्या एक टक्का खेळाडूंकडे गेले. एका पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च, प्रशिक्षकाचं मानधन सोडून, ३८,८०० डॉलर. आणि खर्च-उत्पन्नाची तोंडमिळवणी होत होती क्रमांक ३३६ पाशी. महिलांमध्ये २५३ पाशी. त्याच्या खालच्या खेळाडूचा खर्च सरासरीने बक्षिसातून भागत नव्हता. त्या वर्षी मी माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम क्रमवारीवर होतो आणि ती रेषा माझ्यापासून तीनशेच्या वर जागा लांब होती.

हे आधी माहीत असतं तरी मी खेळलोच असतो. मला टेनिस इतकं आवडत होतं. पण बाबांना माहीत असायला हवं होतं, कारण पैसे त्यांचे होते. ते जिल्हा परिषदेत नोकरीला. स्पर्धा संपली की फोनवर विचारायचे, "काय झालं? किती मिळाले?" मी बक्षिसाची पूर्ण रक्कम सांगायचो, खर्चाचा आकडा सांगायचो नाही. हॉटेल आयोजकच देतात, असंही सांगून ठेवलं होतं. ते खोटं होतं. आम्ही तीन-चार जण एका खोलीत दाटीवाटीने राहायचो, सकाळच्या नाश्त्यातला ब्रेड दुपारसाठी बॅगेत टाकायचो. बाबा ऑफिसात सांगायचे की पोरगं आता स्वतःच्या कमाईवर परदेशात फिरतं. पुण्यातल्या दोन मित्रांकडून मी उसने पैसे घेत होतो, तेही बाबांना माहीत नव्हतं. मित्र आयटीत होते, कधी मागायला आले नाहीत. त्यामुळे मला वाटलं, हे कर्ज म्हणजे कर्जच नव्हे.

पैशांची ही गोष्ट मी खेळाच्या गोष्टीपासून वेगळी काढू शकत नाही. एटीपीचे गुण बावन्न आठवडे टिकतात. मागच्या मार्चमध्ये जिंकलेले गुण या मार्चमध्ये गळतात, त्यामुळे ते भरून काढायला पुन्हा खेळावंच लागतं. सर्वांत चांगल्या अठरा स्पर्धांचे गुण धरले जायचे. दहा हजारवाल्या स्पर्धेच्या विजेत्याला अठरा गुण, उपविजेत्याला दहा, उपांत्य फेरीला सहा, उपांत्यपूर्व फेरीला दोन. मी कॅलेंडर उघडून बसायचो आणि ड्रॉ कुठे हलका लागेल ते शोधायचो. तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे एकाच ठिकाणी आठवड्यामागून आठवडे फ्यूचर्स स्पर्धा व्हायच्या. प्रवास वाचायचा, म्हणून मी तिथे मुक्काम ठोकायचो. सोमवारी हरलो तर पुढच्या शनिवारपर्यंत हॉटेलच्या बाजूच्या कोर्टवर कुणीतरी भेटेल त्याच्याशी बॉल मारायचे. त्याला मी सराव म्हणायचो.

माझी दुसरी सर्व्हिस कच्ची होती. पहिली सर्व्हिस चुकली की समोरचा दोन पावलं आत येऊन उभा राहायचा आणि मला बॅकहँडच्या कोपऱ्यात बांधून टाकायचा. दोष टॉसमध्ये होता. बॉल डोक्याच्या फार पुढे पडायचा, त्यामुळे त्याला खालून वर घासून उसळी देणं मला जमायचंच नाही. सरांनी अठराव्या वर्षी सांगितलं होतं की दोन-अडीच महिने स्पर्धा बंद ठेव, आपण हे मुळापासून करू. तेव्हापासून दर वर्षी मी त्यांना "हा सीझन झाला की" असं म्हणत आलो. सीझन संपतच नाही, कारण कुठल्या ना कुठल्या महिन्याचे गुण गळायला आलेले असतात. पंचविसाव्या वर्षी माझी दुसरी सर्व्हिस अठराव्या वर्षीइतकीच कच्ची होती. आज मुलांना शिकवताना मला याचा जितका राग येतो तितका इतर कुठल्याही पराभवाचा येत नाही. सरांपासून मी लपवलं ते हे की मला थांबायची भीती वाटत होती. थांबलो, क्रमवारी हजारापार गेली, तर बाबांना काय सांगू? हा प्रश्न मी सरांपुढे उघडपणे ठेवला असता तर ते स्वतः सांगलीला येऊन बाबांशी बोलले असते. तसे ते होते.

खांद्याचं याच माळेतलं. २०१२ पासून उजवा खांदा सर्व्हिसच्या वेळी आतून टोचायचा. सामन्याआधी वेदनाशामक गोळी हा नेम झाला. फिजिओने विचारलं तर "थोडं आखडलंय". सरांनी विचारलं तर "काही नाही". दोन वर्षांनी एमआरआय झाला तेव्हा खांद्याचा एक स्नायुबंध अर्धवट फाटलेला निघाला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की सुरुवातीलाच विश्रांती आणि योग्य व्यायाम झाले असते तर हे इथवर बहुधा आलं नसतं. मी त्यांनाही दुखणं सहा महिन्यांचं आहे असंच सांगितलं होतं.

ज्या सामन्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलं नाही, तो दिल्लीतला. मी पात्रता फेरीतून वर येऊन मुख्य फेरीतला पहिला सामना जिंकला होता. दुसरा सामना गुरुवारी, अग्रमानांकित खेळाडूशी. पुढच्या आठवड्याची स्पर्धा मदुराईला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिथे सही. मी गुरुवारी रात्रीचं स्वस्तातलं विमानाचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. पैसे परत न मिळणारं. म्हणजे त्या सामन्यात मी हरणार हे मी स्वतःच, पैसे भरून, ठरवून टाकलं होतं.

आणि पहिला सेट मी जिंकलो, ७-५. त्या दिवशी सर्व्हिससुद्धा चांगली पडत होती. बदलीच्या खुर्चीत बसलो आणि पहिला विचार काय आला असेल? पुढचा सेट जिंकायचा, हा आला नाही. किती वाजले, हा आला. सामना लांबला आणि जिंकलो तर तिकीट बुडालं, मदुराईची सही बुडाली. हरलो तर एक गुण आणि दोनशे डॉलर खिशात आहेतच. दुसऱ्या सेटच्या तिसऱ्या-चौथ्या गेमपासून मी पाय हलवणं बंद केलं. लांबचे बॉल सोडून दिले. तिसऱ्या सेटमध्ये तर रिटर्न सरळ जाळ्यात मारत होतो. उरलेल्या दोन सेटमध्ये मिळून मी दोन की तीन गेम घेतले. व्यावसायिक टेनिसच्या आचारसंहितेत प्रत्येक सामन्यात पूर्ण प्रयत्न करण्याचं कलम आहे. पंचांनी मला काही म्हटलं नाही. समोरच्या खेळाडूने हात मिळवताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला कळलं होतं. सरांना फोनवर मी पायात गोळे आल्याचं सांगितलं.

मदुराईत पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरलो. पण तो मुद्दा नाही. तिथे जिंकलो असतो तरी दिल्लीतलं कृत्य तेवढंच वाईट ठरलं असतं. एका गुणासाठी आठवडेच्या आठवडे झुरणारा मी, समोर आलेली संधी विमानाच्या तिकिटासाठी टाकून देतो, म्हणजे माझ्या डोक्यातली किमतीची सगळी मापं बिघडली होती. ती एका दिवसात बिघडली नव्हती. तोपर्यंत खेळताना मी समोरच्या बॉलकडे कमी आणि खर्चाकडे जास्त पाहायला लागलो होतो, आणि ही गोष्ट मी एकाही माणसाजवळ बोललो नव्हतो.

अंताल्यातली गोष्ट याहून गंभीर. हॉटेलच्या लॉबीत एका माणसाने ओळख काढली, फार सहज, खेळाबद्दल चांगलं बोलला. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याचा संदेश आला. माझा सामना किती वाजता, कुणाशी, हे त्याला ठाऊक होतं. पहिला सेट हरायचा, सामना पुढे जिंकलो तरी हरकत नाही, दोन हजार डॉलर रोख. दोन हजार डॉलर म्हणजे ती अख्खी स्पर्धा जिंकल्यावर मिळतात त्यापेक्षा जास्त. मी नकार दिला. संदेश पुसून टाकला. सामना खेळलो आणि प्रामाणिकपणे खेळलो.

आणि मग गप्प बसलो. टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांनुसार असा प्रस्ताव आला तर नाही म्हणणं पुरेसं नसतं. तो ताबडतोब कळवावा लागतो. न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि त्यासाठी खेळाडूंवर बंदी आलेली आहे. दर वर्षी नोंदणी करताना हे नियम मान्य असल्याची खूण मी केलेली होती. कळवायला टेनिस इंटिग्रिटी युनिट होतं, त्यांचा पत्ता होता. तरी मी कळवलं नाही. आधी भीती वाटली, तो माणूस याच हॉटेलात आहे म्हणून. मग वाटलं, चौकशी सुरू झाली तर माझं नाव विनाकारण जोडलं जाईल, बाबांच्या कानावर जाईल. शेवटी मी मनाची समजूत घातली की मी पैसे घेतले नाहीत, म्हणजे विषय संपला. पण माझ्याकडून नकार मिळाल्यावर तो माणूस घरी गेला नसणार. त्या हॉटेलात माझ्यासारखी, माझ्याहून लहान, माझ्याहून अडचणीतली पुष्कळ मुलं होती. मी तोंड उघडलं असतं तर निदान त्याला तिथे वावरणं अवघड झालं असतं.

२०१८ मध्ये टेनिसमधल्या अशा गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला. तिने ३,२०० व्यावसायिक खेळाडूंना विचारलं होतं. ४६४ जणांनी सांगितलं की सामना-निश्चितीची त्यांना प्रत्यक्ष माहिती आहे. समितीने कारणंही मांडली. खालच्या पायरीवर पैसे इतके कमी की भागत नाही, आणि त्याच पायरीवरच्या हजारो सामन्यांचा गुणफलक क्षणाक्षणाला जगभर विकला गेला. २०१२ च्या सुमारापासून आमच्या फ्यूचर्स सामन्यांतही पंच खुर्चीत बसून हातातल्या यंत्रावर प्रत्येक गुण नोंदवू लागले होते. प्रेक्षकांत चार माणसं, आणि सट्टा लावणारे कुठल्या कुठे. मला हे कारण पटतं. व्यवस्थेने आम्हाला उघड्यावर ठेवलं होतं. पण ते कारण माझं गप्प बसणं झाकत नाही. खेळणं थांबवल्यावर मी सगळं लिहून कळवलं. तोवर त्याचा उपयोग होण्याची वेळ गेली होती.

दुहेरीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात अहंकाराखेरीज फारसं काही नाही. ज्या देशाच्या लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या, त्या देशात मी दुहेरीला कमी लेखत होतो. रोहन बोपण्णा एकेरीत २१३ पर्यंत गेला होता, म्हणजे माझ्या कितीतरी वर. तरी त्याने दुहेरी ही आपली वाट म्हणून मनापासून धरली आणि जानेवारी २०२४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगात पहिला झाला. माझी व्हॉली चांगली होती, हात मऊ होता, हे सर सांगायचे. जर्मनीतल्या एका क्लबनेही मला उन्हाळ्यातल्या संघ सामन्यांसाठी विचारलं होतं. राहायला खोली, प्रत्येक सामन्याचे ठरलेले पैसे. सर्किटवरचे कितीतरी खेळाडू याच पैशांवर उरलेलं वर्ष काढतात. त्यात एटीपीचे गुण नाहीत म्हणून मी नाही म्हटलं, आणि तेच आठवडे उसन्या पैशांवर गुणांच्या मागे फिरलो.

२०१५ च्या पावसाळ्यात मी बाबांना सगळं सांगितलं. कॉलेजची दुसरी ईमेल, हॉटेलचं खोटं, मित्रांचे पैसे, खांदा, दिल्ली, अंताल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभीच राहिली होती. बाबा चिडले. ते क्वचित चिडतात, पण त्या दिवशी आवाज चढला. प्लॉटबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ते चिडले ते ईमेलवरून. "मी रात्रीच्या रात्री बसून आकडे लिहीत होतो, आणि तू समोर बसून बघत होतास," असं म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. ताईने मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, तो मीच थांबवला. त्यांचा राग योग्य होता आणि तो त्यांना पुरता करू द्यायचा होता. मित्रांचे पैसे मी पुण्यात शिकवायला लागल्यावर हळूहळू फेडले.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागलने उघडपणे सांगितलं की त्याच्या खात्यात सुमारे ९०० युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. २०१९ च्या यूएस ओपनमध्ये त्याने फेडररकडून एक सेट घेतलेला होता. लोकांनी हळहळ व्यक्त केली. मला त्याचं धैर्य मोठं वाटलं. देशात पहिला असताना खात्यातला आकडा सगळ्यांसमोर ठेवणं मला सहाशेव्या क्रमांकावर असताना घरातल्या घरात जमलं नव्हतं. त्यानंतर त्याच्यामागे मदत उभी राहिली. काही महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, तो पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत गेला आणि एकतिसाव्या मानांकित बुब्लिकला त्याने हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिला भारतीय. बोलल्यामुळे जिंकला असं मी म्हणणार नाही. जिंकला तो त्याच्या पायांच्या आणि फोरहँडच्या जोरावर. पण पैशाची काळजी चार माणसांत वाटली गेली की डोक्यात बॉलसाठी किती जागा मोकळी होते, हे मला माहीत आहे.

आता माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी दर तीन महिन्यांनी बोलावतो. मुलाला किंवा मुलीला समोर बसवूनच बोलतो, त्यांच्या माघारी नाही. वर्षाचा खर्च, स्पर्धा किती, त्यातल्या कशासाठी, दुखतं कुठे, पुढे कॉलेज की सर्किट, सगळं कागदावर. माझे स्वतःचे आकडेही मी त्यांना दाखवतो, ३३६ चा आकडाही. काही पालकांना ते आवडत नाही. पोराचा उत्साह मारता, असं एकजण म्हणाले आणि मुलाला घेऊन गेले. तो त्यांचा अधिकार आहे.

गेल्या बैठकीत सोळा वर्षांची एक मुलगी, मूळची साताऱ्याची, पुढच्या दोन राष्ट्रीय स्पर्धांची नावं मी लिहीत असताना म्हणाली, "सर, डावं मनगट दिवाळीपासून दुखतंय." तिचा बॅकहँड दोन हातांचा, सगळा भार डाव्या मनगटावर. तिच्या आईला माहीत नव्हतं, मलाही नाही. तिच्या वडिलांनी आधीच रेल्वेची तिकिटं काढलेली होती. आम्ही दोन्ही नावं मागे घेतली, दुसऱ्या दिवशी मनगट दाखवून आणलं. आता सहा आठवडे बॅकहँड बंद. ती रोज संध्याकाळी कोर्टवर येते, पायांचं काम करते आणि एका हाताने स्लाइस शिकते आहे. स्पर्धांचं त्यानंतर बघू.